धीम्या गतीचा धोटा

हाशिम परकारचा बहरीनचा व्हिसा एकतीस डिसेंबरपर्यंत होता. त्याच्या मुलीची, इक्राची, बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होऊन एप्रिलमध्ये संपणार होती. मधले तीन महिने कुठून आणायचे, एवढाच प्रश्न होता.

इक्राचं नाव बोर्डाकडे आधीच गेलं होतं. केंद्र आता बदलत नाही, असं तिच्या शाळेच्या क्लार्कने सांगितलं. वडिलांचा व्हिसा संपला की मुलीचाही संपतो. व्हिजिट व्हिसावर परत येऊन परीक्षेला बसता येईल का, याचं उत्तर तीन जणांनी तीन प्रकारे दिलं; लेखी कोणीच दिलं नाही.

हाशिम मूळचा हर्णैचा. एकोणतीस वर्षं तो बहरीनमधल्या एका कापड गिरणीत जॉबर होता, म्हणजे बिघडलेले साचे, कापड विणायचे माग, चालू करणारा. मे महिन्यात गिरणी बंद झाली. साचे भंगारात गेले, एक सोडून. तो बुदैया हायवेवरच्या एका खासगी शाळेने घेतला. शाळेला पहिल्या कारखान्यांच्या काळाचं दालन उभं करायचं होतं. वाफेच्या इंजिनाचं मॉडेल आलं, सूत कातायचं यंत्र प्लायवूडचं केलं, आणि मधोमध हा खराखुरा साचा. तो बसवायला हाशिमला सहा महिन्यांसाठी ठेवलं. दालन सुरू झाल्यावर साचा चालवायला माणूस लागणारच, तेव्हा एक वर्षाचं पत्र निघेल, असं मर्विन म्हणाला होता. मर्विन दालनाचं काम पाहत असे. वसईचा, पस्तिशीतला. तो हे मराठीत बोलला, म्हणून हाशिमला ते वचनासारखं वाटलं.

नोव्हेंबरात साचा चालू झाला. आडवा धागा नेणारा धोटा मिनिटाला एकशे ऐंशी वेळा इकडून तिकडे जाऊ लागला. शाळेची कमिटी कानांवर हात ठेवून उभी राहिली, पण तक्रार आवाजाची नव्हती. धोटा दिसतच नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. भिंतीवर तर लिहून ठेवलं होतं की १७३३ साली इंग्लंडमध्ये उडता धोटा निघाला. त्याआधी रुंद कापडाला दोन विणकर लागत, एक धोटा टाकी, दुसरा झेली. नंतर एकच पुरला. कापड इतकं भराभर निघू लागलं की सूत पुरेना, मग सुतासाठी यंत्रं आली, आणि यंत्रांसाठी पाणी नि वाफ. ज्याच्यापासून हे सुरू झालं तेच मुलांना दिसू नये? साचा हळू चालवा, असं ठरलं.

हाशिमने सांगितलं की साचा हळू चालत नाही. वेग कमी केला की धोट्याला बसणारा फटका कमी होतो, धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांत अर्ध्यावर अडकतो आणि धागा ठोकणारी फणी येऊन त्याच्यावर आदळते. मर्विनने हे इंग्रजीत लिहून वर पाठवलं. कमिटीने वेग कमी करणारं उपकरण मागवलं.

पहिल्याच फेरीत साडेतीनशे धागे तुटले. हाशिम दोन दिवस गाठी मारत बसला.

मग त्यानेच उपाय काढला. मोटर बंद ठेवायची, साचा हाताने फिरवायचा, आणि धोटा आपणच या बाजूने टाकून त्या बाजूने घ्यायचा.

"म्हणजे सतराशे तेहतीसच्या आधी," मर्विन म्हणाला. "भिंतीवरचं सगळं पुसावं लागेल, हाशिमभाई."

"पुसू नका, मर्विनसाहेब. खाली एक ओळ वाढवा. हा माणूस एप्रिलपर्यंत चालेल."

मर्विन हसला. सेफ्टीवाल्याने अर्ध्या तासात नाही म्हटलं. मुलांसमोर माणसाचा हात यंत्रात जाता कामा नये.

दहा डिसेंबरला फिल्मची कल्पना आली. साचा बंद ठेवून धोटा नखभर सरकवायचा, फोटो काढायचा, पुन्हा नखभर सरकवायचा. हात नंतर कॉम्प्युटरवर पुसता येतो. फिल्म झाली की काय होणार, हे हाशिमला कळत होतं. पण नाही म्हटलं तर पत्राचा विषय तिथेच संपला असता. हो म्हटलं तर मर्विन वर एखादा शब्द टाकेल, असं त्याने धरलं.

दोन दिवसांत दोनशे चाळीस फोटो झाले. धाग्याचा ताण सारखा राहावा म्हणून हाशिम त्याचं टोक पायाच्या अंगठ्यात धरून वाकलेला असे.

आठवड्याने मर्विनने फोनवर फिल्म दाखवली. धोटा आपला आपण डावीकडून उजवीकडे जाई आणि परत येई. अठरा सेकंद, मग पुन्हा पहिल्यापासून. हाशिमने दोनदा पाहिली.

"येताना उलटी लावलीय."

"हो. परतीचे फोटो काढायला अजून दोन दिवस गेले असते."

"धागा परत धोट्यात जातोय. जाताना विणतो नि येताना उसवतो. असं कापड होत नाही."

"पोरांना नाही कळणार."

"मी काढून देतो ना. उद्यापासून येतो."

मर्विनने फोन खिशात ठेवला. "पत्र नाही निघणार, हाशिमभाई. चालवायलाच काही नाही तर चालवणारा कशाला, म्हणतात. मी वर बोललो होतो. खलास."

हाशिमने विचारलं, एप्रिलपर्यंत झाडायपुसायला तरी ठेवतील का. ते काम साफसफाईच्या एका कंपनीकडे होतं. मर्विनने त्याला गाडीने बुसैतीनला घरी सोडलं. वाटेत तो नाताळच्या सुट्टीबद्दल बोलायला लागला आणि मध्येच थांबला.

घरी इक्रा दार लावून जुना पेपर सोडवत होती, फोनवर तीन तासांचा टायमर लावून. हाशिमने स्वयंपाकघरात बायकोला, नुसरतला, दोन वाक्यांत सांगितलं.

"तिला आताच नका बोलू," ती म्हणाली. "पेपर होऊ दे तिचा."

दीड तास दोघं तिथेच बसली. फ्रिज विकायचा की कोणाला द्यायचा, एवढंच बोलणं झालं.

इक्रा अकरा मिनिटं आधीच बाहेर आली. "फिजिक्स डन, अब्बा. आय लेफ्ट नथिंग."

हाशिमने कागद हातात घेतले. त्याला इंग्रजी जेमतेम वाचता येई, फिजिक्स अजिबात नाही. तरी तो पहिल्या पानापासून एकेक ओळ वाचू लागला. पानं बावीस होती. शेवटचं पान उलटलं तेव्हा नुसरत उठून मुलीजवळ जाऊन उभी राहिली.