निर्मलाचा पहिला आकडा

निर्मलाचं पत्र आलं तेव्हा दारच्या शेवग्याला फुलं होती. आता मे अर्धा सरला, शेंगा निबर झाल्या, तरी भगीरथ विशेंनी उत्तर लिहिलं नव्हतं. पत्रात चारच ओळी होत्या. 'सर, खोटा तक्ता केल्याचा ठपका माझ्यावर आहे. मूळ तक्ता फक्त तुम्ही तपासला होता. तेवढंच लिहून द्या. दहा जूनला शेवटची सुनावणी, मग नोकरी जाईल.'

विशे निवृत्त होईपर्यंत तेल कंपनीत दोघं साठ्यांच्या विभागात होते. जमिनीखालच्या प्रत्येक साठ्याला तीन आकडे द्यायचे. तेल असल्याची खात्री किती, हा शेवटचा. काढायची तयारी कुठवर, हा मधला. आणि तिथली माणसं, जंगल, पाणी सांभाळून ते काढता येईल का, हा पहिला. एक म्हणजे येईल. तीन म्हणजे नाही. एका साठ्याला निर्मलाने पहिला आकडा तीन दिला, कारण तिथल्या गावांचं पाणी तुटणार होतं. छापील अहवालात त्या तीनचा एक झाला. खाली नाव तिचंच. विशेंनी ते पाहिलं, चष्मा पुसला आणि पान उलटलं. पुढे गावं विरोधात उठली, काम बंद पडलं, आणि दोष द्यायला तिचं नाव हाताशी होतंच.

मूळ तक्ता विशेंच्या जाड शब्दकोशात होता, त्यांच्याच पेन्सिलीच्या खुणेसकट. पण पत्रामागोमाग विभागाच्या जुन्या साहेबांचा फोन आला होता. "विशे, तुम्ही पुस्तकातला माणूस. कशाला पडता यात?" विशे हो म्हणाले होते. वर बरंही वाटलं होतं.

एके दिवशी डोळखांबकडच्या पाड्यावरून काशी नेहमीसारखी करवंदं विकायला आली ती भर दुपारी, अर्धीच पाटी घेऊन. उशीर का, विचारलं तर म्हणाली, पहाटेपासून ओहोळात झरा उकरत बसले होते. पाड्यावर नळ आल्याचं विशेंनी पेपरात वाचलं होतं.

"आलाय ना. पोरं शेळ्या बांधतात त्याला," काशी म्हणाली. "टँकर मागाया गेलो तर साहेब बोलला, कागदावर तुमाला पाणी हाय."

"असं कोणी लिहिलं?"

"असंल तुमच्यासारखाच शिकलेला. माझ्यासमोर नळ फिरवून बघितला त्यानं. थेंब नाय. आन् लिवलं, पाणी हाय."

"तुम्ही बोलला नाहीत?"

"बोललो, बाबा. आमचं कोन लिवतो? ज्यानं बघितलं त्यानं बोलायचं."

ती गेली. करवंदं तशीच राहिली. विशेंना रागाची सवय नव्हती. कानशिलं तापली. त्या नळवाल्याचा राग आला, मग साहेबांचा. 'विशे, तुम्ही पुस्तकातला माणूस.' मग त्या फोनवर हो म्हणणाऱ्या स्वतःच्या तोंडाचा असा संताप आला की शब्दकोश त्यांनी जवळजवळ आपटलाच.

पहिला कागद 'माझ्या आठवणीप्रमाणे'ने सुरू झाला, तो फाडला. दुसऱ्यावर 'कदाचित' आलं, तोही फाडला. तिसऱ्यावर लिहिलं: 'मूळ तक्त्यात पहिला आकडा तीन होता. मी तपासला होता. छापताना तो एक केला गेला, हे मला त्याच दिवशी कळलं. मी गप्प राहिलो. तक्ता सोबत आहे. बोलावलं तर सुनावणीला येईन.' सही केली, तारीख घातली.

शहापूरच्या पोस्टात कारकुनाने पाकीट वजनाला ठेवत विचारलं, "काका, आत काय?"

"खरा तक्ता," विशे म्हणाले. आवाज इतका चढला की रांगेतली माणसं वळून पाहू लागली. एरवी ते शरमले असते. आज ते पाकीट पोत्यात पडेपर्यंत खिडकीपाशीच उभे राहिले.