बैऱ्याचे पाहुणे

कोण कोणाकडे येऊन गेलं आणि परतभेट कोणाकडे बाकी आहे, हे आमच्या अमरावतीतल्या बायांना झोपेतही सांगता येतं. पायऱ्याही ठरलेल्या. पहिल्या भेटीला पाहुणा ओट्यावरच्या बंगईवर झोके घेतो, दुसऱ्या भेटीला बैठकीत लोडाला टेकतो, तिसऱ्यांदा घरचाच म्हणून थेट माजघरात. या हिशेबात माझ्या शेजारच्या चिंतामण वकिलांच्या अनसूयाबाई सगळ्यांत चोख.

त्रेपन्न साली अशील गयासुद्दीन शेटच्या तिकडे वारलेल्या भावाच्या वारशाचं काम निघालं, म्हणून वकील आफ्रिकेत बैरा बंदराला गेले. खर्च अशिलाचा, तेव्हा बायकोलाही नेलं. काम उरकल्यावर तिथल्या लोकांनी त्यांना जीपमधून समुद्रकाठचं राखीव रान दाखवलं. तिथे वाळूच्या कडेला एक सोडलेला बंगला होता. पुराचं पाणी शिरलं तशी माणसं गेली आणि सिंह राहायला आले. एक दारात, एक गच्चीवर, सिंहीण व्हरांड्यात.

"आपल्या लोकाइसारखे बसले होते, उन्हं उतराची वाट पाहत," वकील सांगत.

जीप वळताना अनसूयाबाई सवयीनं बोलून गेल्या, "येतो हं. आता तुमी या आमच्याकडे."

सिंहिणीनं मान वळवून पाहिलं. हा किस्सा वकिलांनी कोर्टात वर्षभर पुरवला.

पुढे त्यांना मुलगी झाली. चैत्रात एका दिवेलागणीला ओट्यावरची बंगई आपोआप हलू लागली. भार असल्यासारखी, खाली झुकून. अनसूयाबाईंनी रीतीप्रमाणे गूळपाणी ठेवलं. बंगई थांबली तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पुन्हा या." मागे पाण्याचा गडवा कोरडा होता, आणि ओट्यावर ओली पांढरी वाळू.

वैशाखात मी वकिलांच्या बैठकीत बसलो होतो. उन्हानं तापलेल्या घरात एकदम खारा, ओला वास शिरला. गोठ्यात गाईनं दावं तोडलं. कोपऱ्यातला लोड हळूहळू दबत गेला.

अनसूयाबाई माजघराच्या दारात, पाळण्याची दोरी धरून. कुजबुजल्या, "भाऊजी, आज मी तोंड उघडणार नाही. इथून पुढची जागा माजघर हाय, अन् इथं माही पोर निजते."

"आलेल्या पाहुण्याले हाकलता येत नाही, अन् न आलेल्याले भ्याव कायले?" वकील हसले. लोडाकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

मी उठलो. "निघतो, वकीलसाहेब."

वकील दारापर्यंत आले. उभा जन्म अशील पोचवण्यात गेलेला. म्हणाले, "बरं. या पुन्हा."

कोपऱ्यातला लोड सावकाश वर आला.

"काहून बोलले तुमी?" अनसूयाबाई किंचाळल्या.

"अवं, मी याइले म्हटलं!"

"अन् उठलं कोण कोण?"

त्यांनी पाळण्यातून पोर उचलली, पदराखाली घेतली आणि अनवाणीच आमच्यामधून बाहेर पडल्या. "मी मूर्तिजापुरले चालली, माहेरी. गाडी नसन तं ठेसनावर बसीन."

त्यांची पावलं गल्लीत विरली. वकील काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात रिकाम्या माजघरात पाळण्याची कडी करकरली. सावकाश, जड.

वकिलांनी माझा हात घट्ट धरला. मलाही तिथून निघायचं होतं. पण निघताना काय म्हणायचं, ते सुचेना.