दोन बोटांची परीक्षा

आमचे हे कोंबडीपालनाचं एक दिवसाचं प्रशिक्षण घेऊन आले आणि घरात शहाणपणाला नुसता ऊत आला. सकाळीच खुराड्यासमोर स्टूल टाकून बसले.

"शेपटीखाली ही दोन टोकदार हाडं असतात बघ. त्यांच्यामधे दोन बोटं बसली तर कोंबडी अंडी देते. नाही बसली तर फुकट खाते. खाटीक येईलच एवढ्यात."

मी आधी खुराड्यात म्हातारी कुठे बसलीय ते बघितलं. ही आमची सगळ्यात जुनी कोंबडी. तिनं अंडी देणं कधीच सोडलंय. दुसरीचं अंडं तिच्याखाली सरकवून मी आजवर वेळ मारून नेली. पण गाई एका कुरणातून दुसऱ्यात गेल्या की मागं राहिलेलं शेण उकरून अळ्या वेचायला बाकीच्या कोंबड्यांना तीच घेऊन जाते, आणि घार दिसली की पहिली ओरडते तीच. हे कुठल्या हाडात मोजणार?

ह्यांनी पहिली कोंबडी उचलली. नापास. दुसरी, नापास. बघता बघता खुराडं रिकामं झालं आणि हे कपाळाला हात लावून म्हणतात, "अगं, सगळ्याच ऐतखाऊ निघाल्या!"

"मग टोपलीतली अंडी कोणी घातली? तुम्ही?"

मी त्यांचाच हात धरून त्यांच्या नाकासमोर नाचवला. बोटं कसली, केळीच ती!

"शिकवणाऱ्या बाईंची बोटं कशी होती?"

"बारीक होती," हे पुटपुटले. "बरं, तू मोज."

मी मोजलं. एकेक करत सगळ्या पास झाल्या. शेवटी राहिली म्हातारी. ती स्टुलाखालीच बसली होती. तिला मांडीवर घेतलं. हाडं अगदी जवळजवळ, माझी करंगळीसुद्धा बसेना. तिनं निवांत डोळे मिटले. मला रडूच यायला लागलं.

"किती?" ह्यांनी विचारलं.

"तीन," मी ठोकून दिलं.

"बघू."

मी तिला घट्ट धरलं होतं, तरी ह्यांनी काढून घेतलीच. शेपटीखाली बराच वेळ चाचपत राहिले. माझ्याकडे मात्र बघेनात. तेवढ्यात खाटीक दारात येऊन उभा राहिला.

"हिला तर चार बसतात," हे त्याला म्हणाले. "तुम्हाला उगाच हेलपाटा पडला."