खिशातलं शुभवर्तमान

मी एक पुस्तिका बोलतेय. अंगानं एवढीशी, की सदऱ्याच्या खिशात मावते. लूक नावाच्या वैद्यानं लिहिलेलं शुभवर्तमान तेवढं माझ्यात आहे. बाकी सगळं जाड बायबलात, कपाटावर, क्रोशाच्या रुमालाखाली. मला रुमाल कधी मिळाला नाही. मला मिळाली भिवंडीशेजारच्या शेलार गावातल्या कारखान्यातली कापसाची धूळ.

छापखान्यातून निघाले तेव्हा माझ्यासारखी भावंडं गठ्ठ्यांनी होती. त्यातली मी भिवंडीत आले आणि चर्चमधल्या नाताळच्या भक्तीनंतर शांतवन साळवे यांच्या हाती पडले. ते शेलारला लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचे. शिफ्टमध्ये मधली सुट्टी झाली की ओळीखाली बोट धरून मला वाचायचे, अगदी सावकाश. असं वाचणारा माणूस पुस्तकाला आवडतो.

पण मी खिशात असण्याला आणखी एक कारण होतं. बिडी सोडल्याचं वचन त्यांनी बायकोला दिलं होतं. राहीबाई रोज सकाळी त्यांचा खिसा चाचपायची, माझा कोपरा लागला की हात काढून घ्यायची. देवाच्या पुस्तकामागे कोण बघतं? माझ्या पाठीला चिकटून दोन बिड्या रोज ड्युटीवर जायच्या.

एका दुपारी कारखान्यामागच्या भिंतीला टेकून त्यांनी बिडी पेटवली आणि ती हातातच राहिली. मी त्यांच्या छातीवरच होते. आतली धडधड अडखळू लागलेली मला कळली. लूम दुरुस्त करणारे हारूनभाई धावत आले, त्यांनी डोकं मांडीवर घेतलं. शांतवन दोनच गोष्टी बोलले. "हारूनभाई, घरी बिडीचं बोलू नका." आणि थोडं थांबून, "राहीला सांगा, कालचं बोंबलाचं कालवण चांगलं झालेलं. मी उगाच नावं ठेवली."

हारूनभाईंनी शब्द दिला आणि पाळलाही. इतका पाळला, की साळव्यांच्या गल्लीत पाऊलच टाकलं नाही. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. कालवणाचं सांगावं तर ती विचारणार, कुठं बसले होते, काय करत होते? एका बिडीपायी सगळाच निरोप अडला.

मग रिकामी जागा लोकांनी भरली, मायेनं भरली. धाकटा दीर राघो म्हणाला, "माझ्या हातावर गेला, रिक्षात." पाळकसाहेब म्हणाले, ओठांवर प्रार्थना होती. शिफ्टमधला सोबती म्हणाला, झोपेतच गेले, काही कळलं नाही. राहीबाईनं तिघांचं ऐकून घेतलं आणि मनाशी ठरवलं: तिघं तीन तऱ्हेचं सांगतात, म्हणजे माणूस एकटाच पडला होता. आणि कालवणावरून माझ्यावर रागावून गेला. त्या दिवसापासून घरात बोंबील शिजले नाहीत.

मी तिथं होते. सगळं ऐकलं होतं. पण पुस्तकाला छापलेलंच बोलता येतं. मला ट्रंकेत ठेवलं, त्यांच्या सदऱ्यासोबत, आणि झाकण लागलं.

ते उघडलं थेट मुलाच्या लग्नानंतर. प्रबोध काल्हेरला गोदामात कामाला लागला होता आणि शेवगावची मृणाली सून म्हणून आली होती. बोलायची कमी, बघायची फार. भाजी चिरता चिरता घरातल्या माणसांची नोंद घेणारी. आमच्या मंडळीत रीत अशी, की घरी प्रार्थना ठेवायची आणि नव्या सुनेनं तिथं मनन सांगायचं. मृणालीनं जाड बायबल उचललं आणि परत ठेवलं.

"घाबरतेस काय?" राहीबाईनं मला ट्रंकेतून काढून तिच्या हाती दिलं. "हे सासऱ्यांचं. जाड बायबल तुला पेलायचं न्हाय. सुरुवातीच्या चार ओळी वाच, दोन शब्द बोल अन् बस. त्यात काही चमत्कार न्हाय, दृष्टांत न्हाय. चुकशील कुठं?"

खरंच, त्या ओळी लोक उडी मारूनच पुढे जातात. पण मृणालीनं त्या वाचल्या, परत वाचल्या. त्यात लूक फक्त आपण का लिहितोय ते सांगतो. तो म्हणतो, येशूबद्दल पुष्कळांनी पुष्कळ सांगितलंय. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांच्याकडून आलेलं मी नीट तपासून क्रमानं मांडतोय, थियफिल नावाच्या एका माणसासाठी, म्हणजे जे ऐकलंय त्याची त्याला खातरी पटेल.

मग तिनं मला नाकाशी धरलं. पानांच्या घडीत तंबाखूचा चुरा होता.

"अहो," तिनं प्रबोधला विचारलं, "पप्पा गेले तेव्हा त्यांच्याजवळ कोण होतं?"

"राघोकाका. नाही, पाळकसाहेब म्हणतात... जाऊ दे ना. आईपुढं काढू नकोस तो विषय."

"म्हणजे नक्की कुणालाच माहीत नाही."

रविवारी ती त्याला घेऊन शेलारला गेली आणि जुन्या कामगारांना विचारत हारूनभाईंच्या दारात पोचली. हारूनभाई थकले होते. मला तिच्या हातात बघितलं आणि खाटेवरून उठूनच बसले. त्यांच्या बायकोनं, हबीबानं, चहा ठेवला.

"बेटा, मी वचन दिलंय," ते म्हणाले.

"बिडीचं ना?"

हारूनभाईंनी डोळे मोठे केले. हबीबा आतून म्हणाली, "अहो, सांगून टाका आता. इतकी वर्षं झोपेत बडबडताय. मला तरी झोपू द्या."

त्यांनी सांगितलं. रडले. मृणाली म्हणाली, "चाचा, शनिवारी प्रार्थनेला या. मी चुकले तर सांगायला."

शनिवारी खोली भरली. चपला जिन्यापर्यंत. 'जय ख्रिस्त, जय ख्रिस्त' झालं, गीत झालं. हारूनभाई दाराशी बसले. मृणालीच्या हातात मी होते. चार ओळी वाचून ती थांबली. राहीबाईनं खुणेनं सांगितलं, झालं, बस आता.

ती बसली नाही.

"लूकनं येशूला पाहिलं नव्हतं," ती म्हणाली. "तो नंतर आला. सुनेसारखा. घरात सगळे आधीपासूनचे, ज्याच्या त्याच्या तोंडी एक गोष्ट. नव्या माणसाला विचारावंच लागतं. त्यानं विचारलं. मीही विचारलं. लूकला एक थियफिल होता. मला आई आहेत."

तिनं क्रमानं सांगितलं. भिंत, मांडी, हारूनचाचा. राघो मधेच म्हणाला, "ए पोरी, रिक्षात मी..."

"रिक्षात तुम्हीच होता, काका. पण ते त्याच्या आधी गेले होते. आईंना सावरावं म्हणून तुम्ही तसं सांगितलंत."

मृणालीनं दाराकडे पाहिलं. हारूनभाईंनी होकारानं मान डोलावली.

"त्यांच्या हातात बिडी होती," ती म्हणाली. "म्हणाले, घरी सांगू नका. मग म्हणाले, राहीला सांगा, कालवण चांगलं झालं होतं. मी उगाच नावं ठेवली."

पाळकसाहेब खाकरले. राहीबाईनं पदर तोंडाला लावला, खांदे हलू लागले. सगळ्यांना वाटलं रडतेय. ती हसत होती. मग रडायला लागली, पण हसणं थांबेना.

"मेला!" ती म्हणाली. "मला काय वास येत नव्हता व्हय? पुस्तकामागं दोन असायच्या. दोनच आहेत म्हणून गप बसायची मी." मग हारूनभाईंकडे वळून, "भाऊजी, तुमचं खरं हाय. प्रार्थना म्हणत गेला, झोपेत गेला, ते मला पटंनाच. बिडी हाय म्हणजे तो माझाच माणूस. मग कालवणाचंबी खरं."

दुसऱ्या दिवशी साळव्यांच्या घरातून बोंबलाचा वास गल्लीभर गेला. डबा घेऊन प्रबोध शेलारला गेला.

आता मी ट्रंकेत नाही. कपाटावर आहे, जाड बायबलाला टेकून, आणि मृणालीनं माझ्यापुरता एक रुमाल विणायला घेतलाय. अर्धा झालाय. राहीबाई रोज मला उघडते, त्या चार ओळींपाशी नाक नेते आणि मिटून ठेवते. अक्षरं तिला आता दिसत नाहीत.

वाचकहो, मी काही थोर ग्रंथ नाही, एका वैद्याची मेहनत पाठीवर घेऊन फिरणारी पुस्तिका आहे. एवढंच मागते: तुमच्या घरातही कुणी एक थियफिल गप बसून असेल. ज्यांनी पाहिलंय ती माणसं आहेत तोवर जाऊन विचारा, आणि बिडीसकट सांगा. निघते आता. राहीबाईचा हात येतोय.