मुठीबाहेरचा अंगठा

“त्या पोराच्या हृदयाचा टू-डी एको झालाय का, कुणीतरी विचारा गं,” असं लोरेन आत्या ऑगस्टमधल्या त्या शनिवारी म्हणाल्या होत्या, आणि रेनाटा हसली होती. वर म्हणालीही होती, “आत्या, निवृत्त होऊन चार वर्षं झाली तुम्हाला. आता तरी वॉर्डातून बाहेर या!”

हे रेनाटाने म्हणावं! लेक शिंकली की थर्मामीटर शोधणारी, झोपलेल्या आयव्हीच्या नाकाशी तासातासाला बोट धरून श्वास बघणारी ही बाई. अख्ख्या कॉर्बली गावात काळजी करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. लोरेन म्हणजे तिच्या नवऱ्याची आत्या, हृदयरोग्यांच्या वॉर्डात तीस वर्षं नर्स. त्यांचं ऐकायचं नाही तर कुणाचं? पण त्या दिवशी रेनाटा आई नव्हती, कॉर्बली कॉलेजच्या बास्केटबॉल संघाची चाहती होती. चाहत्याला वाईट ऐकू येत नाही, विशेषतः संघ अकरा वर्षं हरत असेल तर.

कॉलेजच्या छापील यादीवर गावाचा विश्वास नाही. यादीत सगळेच खेळाडू दोन-दोन इंच वाढतात. म्हणून नवा मुलगा आला की शनिवारी त्याला डॉटीच्या हॉटेलात न्याहारीला बोलवायचं, बूट काढायला लावायचे, मधल्या खांबाला पाठ टेकवून उभं करायचं आणि डोक्यावर पुस्तक ठेवून पेन्सिलीने खूण करायची. पस्तीस वर्षांची पोरं त्या खांबावर आहेत. जे कॉलेज सोडून गेले, त्यांच्या खुणेवर आडवी काट.

टोबिन अ‍ॅशक्राफ्ट दारातून वाकून आत आला तेव्हा डॉटीच्या हातातली कॉफीची किटली तशीच राहिली. केंटकीच्या डोंगरातला मुलगा, अठरा वर्षांचा, नाकावर जाड चष्मा, अंगावर मांस म्हणून नाही.

“यादीत सहा फूट अकरा, खांबावर सहा-दहा!” ट्रॅक्टरवाला गस खुर्चीवर चढून ओरडला. “एकाच इंचाचं खोटं! सुधारलं रे आपलं कॉलेज!”

“उंची काय चाटायचीय? हात मोजा, हात,” रेनाटाचे सासरे व्हर्न म्हणाले. चाळीस वर्षं सामन्यांना एकाच खुर्चीवर बसून त्यांनी पराभव पाहिले होते. “सूनबाई, टेप काढ तुझी.”

रेनाटाच्या पिशवीत टेप असायचीच, दर आठवड्याला आयव्हीच्या डोक्याचा घेर मोजायला. टोबिनने हात पसरले. टेप जवळजवळ दीड वेळा लागली. सात फूट पाच इंच. माणूस सहा-दहा आणि हात सात-पाच! हॉटेलात अशी आरोळी उठली की कडेवरची आयव्ही भोकाड पसरून रडायला लागली.

“थांबा ताई,” टोबिन संकोचून म्हणाला. तो गुडघ्यांवर बसला, तळहातात अंगठा घेतला आणि त्यावर मूठ वळली. करंगळीच्या बाजूने अंगठ्याचं टोक बाहेर डोकावलं. “बघ, बिळातून उंदीर आला! चूं चूं!” आयव्ही रडता रडता हसली. रेनाटाने फोटो काढला. तेवढ्यात लोरेन आत्यांनी कप खाली ठेवला आणि ते एकोचं वाक्य म्हटलं.

चाहत्यांचा एक कट्टा आहे इंटरनेटवर. रेनाटा तिथे ‘बारावी रांग’ या नावाने लिहायची, आयव्हीच्या दुपारच्या झोपेच्या वेळात. नव्या मुलांच्या शाळेतल्या सामन्यांच्या चित्रफिती ती थांबवून थांबवून बघे. तिचा शब्द तिथे प्रमाण. त्या दुपारी तिने सात-पाचचा आकडा टाकला. संध्याकाळपर्यंत टोबिनचं नाव ‘पवनचक्की’ पडलं होतं आणि लोक मार्चमधल्या मोठ्या स्पर्धेसाठी हॉटेलं शोधत होते.

नोव्हेंबरात सामने सुरू झाले. सहाव्या मिनिटालाच टोबिनचे हात गुडघ्यांवर जायचे. एकदा तो छातीच्या मधोमध मूठ दाबून उभा राहिला, सामन्याआधी राष्ट्रगीताला सगळे छातीवर हात ठेवतात तसा.

“अरे, राष्ट्रगीत संपलं! हात खाली घे!” गस ओरडला. सगळी रांग हसली. रेनाटाही.

रात्रीपर्यंत थांबायला नको म्हणून तिने मध्यंतरातच फोनवर लिहिलं: ‘हात लांब, दम आखूड.’ चारच शब्द. पुढच्या सामन्याला कुणीतरी ते कापडावर रंगवून आणले.

जानेवारीत आयव्हीची तपासणी होती. “डॉक्टर, हिची बोटं फार लांब नाहीत ना वाटत?” रेनाटाने नेहमीसारखं काहीतरी काढलं. डॉक्टर हेसना तिची सवय होती. त्यांनी आयव्हीची इवली मूठ अंगठ्यावर मिटून दाखवली. “मावतोय ना आत? मोठ्या माणसाचा अंगठा पलीकडून बाहेर डोकावला, आणि हातही उंचीपेक्षा बरेच लांब असले, तर मी हृदयाचा एको काढायला सांगेन. तुमची लेक ठणठणीत आहे. घरी जा.”

रेनाटा गाडीत बसली. फोन उघडला. फोटोत उंदीर होता.

ती तशीच लोरेन आत्यांच्या दारात गेली. आत्यांनी फोटो बघितलाही नाही. “नसेलही काही,” त्या म्हणाल्या. “पण मार्फान नावाचा जन्मजात आजार असेल, तर हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फुग्यासारखी ताणत जाते. आणि एक दिवस... असल्या माणसाने धावायचं नसतं गं.”

“मग तुम्ही जोरात का नाही सांगितलंत?”

“मी दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं, खरंय,” आत्या म्हणाल्या. “पण पहिल्यांदा तुलाच सांगितलं होतं.”

कॉलेजच्या क्रीडा कार्यालयात फोन केला, तर पलीकडच्या बाईंनी विचारलं, “तुम्ही त्याच्या कोण?”

“प्रेक्षक,” रेनाटा म्हणाली.

“खेळाडूंच्या तब्येतीबद्दल आम्ही बाहेर बोलत नाही,” त्या नम्रपणे म्हणाल्या. “आणि अ‍ॅशक्राफ्ट कालपासून आमचा खेळाडू नाही, कॉलेज सोडलंय त्याने.”

शनिवारी ती डॉटीकडे पोचली तेव्हा गस खांबाशी खुर्चीवर चढला होता, हातात काळा मार्कर.

“गस, थांबा! तो मुलगा आजारी आहे. त्याला शोधायला हवं.”

“तपासण्या झालेल्या असतात बाई त्यांच्या.”

“स्टेथोस्कोप लावतात हो! आत कोण बघतं?”

“आता झाली वाटतं डॉक्टरीणबाई,” मागून कुणीतरी म्हणालं.

व्हर्न पांढऱ्या ग्रेव्हीत पावासारखं बिस्किट बुडवत होते. त्यांचा हात थांबला. “दम आखूड म्हणून तूच लिहिलंस ना, सूनबाई?” त्यांनी टोमणा मारला नव्हता. खरंच विचारलं होतं. तेच जास्त लागलं. गसने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि काट मारली.

टोबिनने चाहत्यांच्या शिव्यांना कंटाळून फोन नंबर बदलला होता. त्याची आई ज्या वृद्धाश्रमात काम करायची तिथे कळलं, तिनेही नोकरी सोडली. मुलासोबत गेली, कुठे ते माहीत नाही. कॉलेजच्या प्रशिक्षकाला लिहिलेल्या पत्राला उत्तर नाही. शेवटी टोबिनच्या खोलीत राहणारा एक खेळाडू वाणसामानाच्या दुकानात भेटला.

“ओहायोत कुठेतरी आहे म्हणे. नवं कॉलेज शोधतोय,” तो म्हणाला. “तुमच्या चाहत्यांच्या कट्ट्यावरचं ते ‘दम आखूड’वालं वाक्य त्याने कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं होतं, ताई. दम वाढवायचाय म्हणायचा. आता रोज आठ मैल पळतोय.”

कुणी लिहिलं होतं ते त्याला माहीत नव्हतं. रेनाटाने सांगितलंही नाही. ट्रॉलीत बसलेली आयव्ही स्वतःचा अंगठा मुठीत दाबून उंदीर बाहेर काढायला बघत होती. तो येत नव्हता.

त्या दुपारी तिने कट्ट्यावर लिहिलं. कट्टा चालवणाऱ्यांनी दोनदा ते काढून टाकलं. म्हणून आता जिथे जागा मिळेल तिथे ती तेच चिकटवते, दुसऱ्या संघांच्या कट्ट्यांवरसुद्धा:

“मी ‘बारावी रांग’. ते चार शब्द माझे. मला हव्या तेवढ्या शिव्या द्या, पण आधी हे वाचा. तुमच्या गावातल्या व्यायामशाळेत एखादा नवा मुलगा आलाय का? सहा फूट दहा, जाड चष्मा, बोलणं डोंगराकडचं, दमला की छातीवर मूठ ठेवणारा? टोबिन त्याचं नाव. तो चांगला खेळतो की नाही, ते मला कळवू नका. त्याच्याजवळ जा आणि विचारा, हृदयाचा एको झालाय का. हसून टाळेल, मीही टाळलं होतं. मग त्याला लहान मुलाला दाखवतो तो उंदीर दाखवायला सांगा. अंगठा बाहेर आला, तर त्याच्या हातातला चेंडू काढून घ्या आणि डॉक्टरकडे घेऊन जा. आज सरावाला येईल तो. आजच बघा.”