वाळू भरलेला गोल

मी जुना आहे, मित्रांनो. गंजलो आहे, एका अंगाला कललो आहे, पण माझ्याकडे बघून कुणी चुकचुकलेलं मला चालत नाही. मी आइस हॉकीचा गोल आहे. दोन खांब, वर आडवी दांडी, मागे जाळी. झिबिनाय गावच्या तळ्यावर ‘स्पेइगास’ क्लब जन्मला, त्याच हिवाळ्यात मी जन्मलो. स्पेइगास म्हणजे हाडं फोडणारा गारठा. नाव तेवढं आमच्या लोकांनी विचार करून ठेवलं, बाकी कशाचा विचार केला नाही.

आमचा देश बास्केटबॉलवेडा. पोर चालायला लागलं की त्याच्या हातात तोच चेंडू देतात. अशा देशात आमच्या गावच्या वीजकेंद्राच्या कामगारांनी ठरवलं की आपण काठ्या घेऊन बर्फावर चकतीमागे धावायचं. गाव हसलं. ‘‘झाडूच मारायचाय तर आमच्या अंगणात या की रे!’’ असं बायका काठावरून ओरडायच्या. कामगार ऐकून घ्यायचे आणि खेळत राहायचे.

मला घडवलं वीजकेंद्राच्या झेनोनास वेल्डरने, बॉयलरच्या उरलेल्या नळातून. नळ वाकवताना चेपू नये म्हणून त्यात कोरडी वाळू ठासतात आणि वाकवून झालं की ओतून टाकतात. झेनोनास ती ओतायची विसरला आणि दोन्ही तोंडं बंद करून बसला. त्यामुळे चकती आदळली की बाकीचे गोल ‘ठण्ण’ वाजतात, मी ‘धप्प’ करतो.

‘‘कापून वाळू काढू का?’’ त्याने विचारलं.

‘‘राहू दे,’’ तेव्हाचा कप्तान म्हणाला. ‘‘आपल्या संघात निदान एक तरी भारदस्त पाहिजे.’’

वीजकेंद्राचं कोमट पाणी तळ्यात सोडतात, म्हणून आमचं तळं पुरतं गोठत नाही. उत्तरेकडचा कोपरा तेवढा बर्फ धरतो. तिथे मासे पकडणाऱ्यांच्या गिरमिटाने भोकं पाडायची, माझे पाय त्यात रोवायचे आणि वरून पाणी ओतायचं, की मी पक्का. माझा एक जुळा भाऊही होता, समोरच्या टोकाला. एका वसंतात सगळे म्हणाले, ‘उद्या काढू, परवा काढू.’ बर्फ कुणाच्या उद्यासाठी थांबत नाही. भाऊ तळाशी गेला. त्यानंतर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. बोटं दाखवून लोखंड वर येत नाही, मित्रांनो.

मोठ्या शहरांचे संघ यायचे, आम्हाला धुऊन काढायचे आणि जाताना पाठ थोपटायचे. ती थोपटणी हरण्याहून जास्त झोंबायची. पुढच्या हिवाळ्यात आमचे पुन्हा उभे! मग आम्ही जिंकायलाही लागलो, आणि आमच्यासाठी यंत्राच्या बर्फाचा हॉल बांधला गेला. मला लाल रंग दिला, माझ्याशेजारी उभं राहून साहेबलोकांनी फोटो काढले. थोड्याच वर्षांत परदेशी हलके गोल आले आणि मला मागच्या दाराने बाहेर ढकललं. फोटोतले साहेब तेव्हा कुठे होते कोण जाणे.

गावातल्या ब्रोने आजीने मला आपल्या परसात नेलं आणि माझ्यावर काकडीचे वेल चढवले. काकडीशी माझं वैर नाही. पण ज्याने छातीवर चकत्या झेलल्या, त्याने उन्हाळाभर काकड्या धरून उभं राहायचं, हे मला कधी पटलं नाही. आणि मी ते मुकाट्याने सोसलं असंही नाही. आजीची दोरी मी दर वर्षी माझ्या गंजाने कापायचो.

मग पूर्वेच्या बड्या शेजाऱ्याच्या पंजातून देश स्वतंत्र झाला. त्याने वीजकेंद्राचं तेल तोडलं. विजेच्या गावात वीज मोजून मिळू लागली. हॉलचं बर्फाचं यंत्र थांबलं ते थांबलंच. गावच्या कारभाऱ्यांनी तिथे लाकडी फरशी घालून बास्केटबॉलच्या कड्या टांगल्या. कुणी क्लबला विचारलं नाही. आणि लीगचा नियम असा, की हंगामातला शेवटचा सामना स्वतःच्या गावात, स्वतःच्या बर्फावर खेळला नाही तर क्लबचं नाव कायमचं कटाप.

क्लब तेव्हा दांगुओलेच्या हातात होता. दांगुओले ही झेनोनासची लेक. पोरांच्या संघात ती गोली, म्हणजे गोल राखणारी, होती, आणि तिच्यासमोर चकती मारायला पोरं कचरायची. तिने तळ्यावर खेळायचं ठरवलं. परदेशी गोल हॉलच्या जमिनीतल्या खुंट्यांवर बसणारे. त्यातला एक ओंडक्यांना बांधून कसाबसा उभा राहिला. दुसऱ्या टोकासाठी तिला मी आठवलो.

पण पंच आणि समोरचा संघ राजधानीहून येणार ते नेमके आमच्या सणाच्या दिवशी. चर्चच्या उपासाचे दिवस लागण्याआधी आमच्याकडे हिवाळा हाकलतात. लोक बोकडाचे, सैतानाचे मुखवटे घालून दारोदार धिरडी मागतात, मग मोरे नावाची गवताची बाई जाळतात. आणि ती पिढ्यान्‌पिढ्या जाळतात कुठे? तळ्याच्या उत्तर कोपऱ्यात, बर्फावर. बर्फ आधीच मऊ पडला होता. त्यावर होळी पेटली असती तर सामनाही गेला आणि क्लबही.

मोरे काठावर जाळा म्हणून दांगुओलेने सणाच्या प्रमुखाला आधी दोनदा विनवलं होतं. हे प्रमुख म्हणजे फेलिक्सास सर, शाळेत तिला कवायत आणि बास्केटबॉल शिकवलेले. त्यांनी नुसतं हसून वाटेला लावलं.

सणाच्या सकाळी आमचे खेळाडू मला घसरगाडीवर बांधून तळ्याकडे ओढत निघाले. दोरी रापोलासच्या हातात होती. हा आमचा कप्तान, धंद्याने नळवाला. सरांच्या फाटकाशी दांगुओले म्हणाली, ‘‘थांबा. मुखवटे चढवा.’’

‘‘कुठले मुखवटे?’’ रापोलास म्हणाला.

‘‘डोक्यावर आहेत तेच. शिरस्त्राण खाली ओढ. तुझं थोबाड तसंही सैतानापेक्षा बरं नाही.’’

तिने स्वतःचा गोलीचा मुखवटा चढवला आणि फाटक बडवलं. सर बोकडाची शिंगं सावरत बाहेर आले. रस्त्यावर गर्दी जमली.

‘‘या, या!’’ सर म्हणाले. ‘‘धिरडी गरम आहेत. साय पण आहे.’’

‘‘धिरडी नकोत, सर.’’

आवाज ओळखून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ‘‘पोरी, पुन्हा तेच?’’

‘‘आज मी पोरगी नाही, मुखवटा आहे. आणि मुखवट्याला दारातून रिकामं पाठवत नाहीत, हे तुम्हीच शिकवलंत. मला मोरे काठावर जळलेली हवी. द्या.’’

‘‘खायला मागतात! असलं काही मागत नाहीत!’’

‘‘असं कुठे ठरलंय? ब्रोने आजी, ठरलंय का?’’

आजी गर्दीतून म्हणाली, ‘‘माझ्या सासूकडे मुखवट्यांनी कोंबडा मागितला होता. द्यावा लागला मेल्यांना.’’

लोक खो खो हसले. सरांचे कान लाल झाले. ‘‘हिवाळा बर्फावरूनच हाकलायचा असतो!’’

‘‘का हो सर, काठावरून ओरडलं तर हिवाळा बहिरा आहे का?’’

आता गर्दी फाटकाला येऊन चिकटली. मुखवट्याला नाही म्हटलं की त्या घराचं वर्ष वाईट जातं, हे आमच्याकडे पोरंही जाणतात. सरांनी बायकोकडे बघितलं. ती हातात धिरड्यांचं ताट घेऊन उभी होती. ‘‘देऊन टाका की,’’ ती म्हणाली. ‘‘पुढच्या वर्षी बटाटे सडले तर मी तुम्हालाच उकडीन.’’

सरांनी दिलं. वरून दोन धिरडी रापोलासच्या तोंडात कोंबली, रागाने.

तळ्यावर पंचाने टाच आपटून बर्फ बघितला. माझी मापं घेतली. मग मला टिचकी मारून तो थबकला. ‘‘यात काय भरलंय?’’

‘‘वाळू,’’ दांगुओले म्हणाली.

‘‘वाळू?’’

‘‘आत काय नसावं, हे नियमात लिहिलंय का साहेब?’’

त्याने डोकं खाजवलं आणि शिट्टी वाजवली.

आम्ही हरलो. सपाटून हरलो. स्केटच्या पात्यांखाली पाणी फवाऱ्यासारखं उडत होतं, चकती चिखलातल्या बेडकासारखी थबकायची. पण सामना शेवटच्या शिट्टीपर्यंत झाला, आमच्या गावात, आमच्या बर्फावर. पंचाने तशी सही केली. क्लब राहिला! काठावर मोरे पेटली होती आणि गाव ओरडत होतं, ‘‘निघ हिवाळ्या, निघ!’’

तेवढ्यात बर्फ कण्हला. माझ्या पायाशी भेग पडली.

‘‘सगळे काठावर चला!’’ रापोलास ओरडला. ‘‘गोल राहू दे! लोखंडच आहे ते!’’

‘‘याचा भाऊ पण लोखंडच होता,’’ दांगुओले म्हणाली. तिने बाकीच्यांना काठावर पाठवलं आणि स्वतः पोटावर सरपटत येऊन दोरी माझ्या दांडीला बांधली. मागे फिरताना ती कोपरापर्यंत पाण्यात गेली. शिव्या देत वर आली. काठावर खेळाडूंनी दोरी धरली, पण मी हलेना. माझं वजन तुम्हाला ठाऊक आहे.

मग दोरीला मुखवट्यांतले सैतान लागले. करकोचा लागला. दोन चेटकिणी लागल्या. ब्रोने आजी लागली, आणि सगळ्यांच्या पुढे शिंगं वाकडी झालेले फेलिक्सास सर. ‘‘हा हत्ती कुणी बनवला रे?’’ ते धापा टाकत होते. बर्फ फुटला, एक पाय मुळापासून मोडला, आणि मी चिखलपाणी उडवत काठावर आलो. मोडक्या नळातून वाळू गळत होती.

रापोलासने नवा पाय जोडला. तो जरा आखूड पडला, म्हणून मी कलतो.

आता गावच्या कारभाऱ्यांना माझा पुळका आला आहे. मला चौकात मांडायचं म्हणतात, चंदेरी रंग देऊन, भोवती फुलझाडं लावून, पुढे साखळी घालून. दांगुओले त्यांना म्हणाली, ‘‘आधी हॉल परत द्या. मग फुलं लावा.’’ ते गेले, पण पुन्हा येतील. असली माणसं जिवंत क्लबला दार उघडत नाहीत आणि मेल्यावर पुतळे उभारतात.

म्हणून सांगतो, मित्रांनो. जुन्या वस्तूला पुसून कपाटात ठेवलं म्हणजे तिची काळजी घेतली असं होत नाही. तिला कामाला लावा, मोडली तर जोडा, आणि काम संपलं की बुडण्याआधी बाहेर काढा. मला रंग नको, साखळी नको. तळ्याने बर्फ धरला की काठ्या घेऊन या आणि ताकद असेल तेवढ्या जोराने चकती मारा. नेम चुकला तरी चालेल. मी काही पळून जाणार नाही.