धाकटीचा रिपोर्ट

चष्म्याच्या दुकानात ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. हाताखालून हजारो नंबर गेलेले. म्हणूनच थोरल्या लेकीचा नंबर वर्षात तिसऱ्यांदा बदलला, तेव्हा तिने स्वतःच पोरीला मशीनपुढे बसवलं. सहा वर्षांची पोर, सगळे बिट्टी म्हणायचे. कुठलीच काच लागू पडेना.

"आई, लाइट गेलेत का?" बिट्टीने विचारलं. भर दुपार होती, दुकानातले सगळे दिवे चालू होते.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोष डोळ्यात नाही, जन्मतःच अंगात आहे. अर्धा आईकडून आलेला, अर्धा बापाकडून. आधी नजर जाईल, मग बोलणं, मग चालणं. औषध नाही. मग हळूच त्यांनी विचारलं, "घरात आणखी मूल आहे?"

होतं. तीन वर्षांची ठकी, बापाच्या खांद्यावर बसून त्याचे कान ओढणारी.

"तिला तपासायचं नाही," घरी येताच ती म्हणाली.

"अगं, कळायला नको?" नवरा वायरमन. बिघाड कुठे आहे ते सापडल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

"कळून काय करणार? आत्ता ती हसली की मला नुसती हसताना दिसते. तेवढं तरी राहू द्या."

"आमच्या घराण्यात असलं कधी नव्हतं," सासूबाई पुटपुटल्या.

"आई, अर्धं माझं आहे," नवरा म्हणाला.

शेवटी तीच नमली. एकदा ठकी पायपुसण्याला अडखळली, आणि तेव्हापासून आईला पोरीचं हसणं-खेळणं दिसेनासंच झालं. दिवसभर नजर तिच्या पावलांवर. हेही काही जगणं नव्हे.

रिपोर्टला सहा आठवडे लागले. डॉक्टरीणबाईंनी काही बोलण्याआधी पाण्याचे ग्लास पुढे केले, तेव्हाच दोघं समजली.

जिन्यात नवरा पायरीवरच बसला. "मीच हट्ट धरला गं."

"तुमच्या हट्टाने नाही झालं ते." तिला रडू येईना.

घरी बिट्टी ठकीला गोष्ट सांगत होती. मधेच शब्द हरवायचा, ती चाचपडत थांबायची.

"हत्ती!" ठकी ओरडली.

"हां, हत्ती."

आई दारातच थबकली. ठकीचा शब्द हरवेल तेव्हा तो सुचवायला बिट्टी नसेल. चपला न काढताच तिने भिंतीला पाठ टेकली.

"आई, ये ना, तूपण ऐक," ठकीने हाक मारली.

ती जाऊन दोघींच्या मधे बसली. गोष्ट काही केल्या पुढे सरकत नव्हती.